होडीतली तुझी बाजू

ता. ३, मंगळवार

वर काय लिहावं यातच एक कागद फुकट गेला. ‘प्रिय’ लिहिलं तर तू म्हणशील, म्हाताऱ्याला ऊन लागलं. तेव्हा नुसतं ‘अगं’ म्हणतो. आजवर त्याच हाकेला ओ देत आलीस.

अगं, तुझा गुडघा कसा आहे? लेकीकडे तीन जिने आहेत. उतरताना कठडा सोडू नकोस, आणि मी कशी खुटखुटीत आहे हे शेजाऱ्यांना दाखवायला भरभर चालू नकोस. लेकीची पाठ कशी आहे? दिवसभर त्या चष्म्याच्या दुकानात उभी असते. तिला म्हणावं, गिऱ्हाईक नसेल तेव्हा स्टूल ओढून बस, मालक काही स्टुलाला भाडं लावत नाही. जावईबापूंचा खोकला गेला का, की अजून सकाळी अख्ख्या बिल्डिंगला तेच उठवतात? नातीचा हलणारा दात पडला का? पडला असेल तर टाकू नका, मला बघायचाय. आणि तुझी झोप? इथल्या पाण्याच्या आवाजाशिवाय तुला झोप येत नाही आणि तिथे तर म्हणे खिडकीखालीच बसचा थांबा.

मी ठणठणीत आहे. शेजारचा भोंगाही ठणठणीत. लाँचवरची नोकरी सुटून इतकी वर्षं झाली तरी हा माणूस अजून शंभर उतारूंना ऐकू जाईल अशा आवाजात मीठ मागायला येतो.

लेक फोनवर म्हणाली, “बाबा, आई बोलायला येत नाही. म्हणते, फोनवर ते सगळं हसण्यावारी नेतात. काय सांगायचं ते लिहून पाठवा म्हणावं.” बरं. लिहितो. सकाळच्या लाँचवाल्याकडे पत्र देतो, तो धक्क्यावरच्या पेटीत टाकेल.

तुझा राग मला कळतो. त्या संध्याकाळी ऐन पाण्यात बॅटरीनं दगा दिला. आपण नांगर टाकून गळ लावून बसलेलो, तुझा रेडिओ चालू, डोक्यावर दिवा चालू, आणि निघायच्या वेळी सेल्फ मारला तर इंजिन नुसतं ‘टक्’ म्हणालं आणि गप्प झालं. होणारच. एकाच बॅटरीवर इंजिनही आणि रेडिओही, म्हणजे एका ताटात दोघं जेवायला. तुझी गाणी आधी जेवून गेली आणि इंजिन उपाशी राहिलं.

आता असं होणार नाही. मी दुसरी बॅटरी आणली आहे, आणि बरोबर एक चेंजओव्हर स्विच. बशीएवढा गोल, मधे लाल मूठ, आणि मुठीला चार जागा: एक, दोन, दोन्ही, बंद. ‘एक’वर इंजिनाची बॅटरी, ‘दोन’वर रेडिओ-दिव्याची. नांगर टाकला की मूठ ‘दोन’वर फिरवायची. मग तू सगळी गाणी संपव, इंजिनाचं ताट झाकलेलंच राहतं. दुकानातली बाई म्हणाली, “काका, बसवायला माणूस पाठवू का?” मी म्हटलं, “बाई, माझं लग्न झालं तेव्हापासून मी घरातलं सगळं स्वतःच बिघडवतो आणि स्वतःच दुरुस्त करतो.”

लेकीनं तिच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरची खोली बघून ठेवली आहे, मालकाला महिनाअखेरीपर्यंत हो-नाही सांगायचंय, हे कळलं. तू होडीत बसणार नसशील तर या बेटावरचं घर बंद करायचं, होडी विकायची आणि दोघांनी तिकडेच राहायचं, असं तुम्हा मायलेकींचं ठरतंय हेही कळलं. लाँच सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. होडीवाचून इथे दिवस काढता येणार नाहीत, एवढं मलाही समजतं. होडी बघायला कुणी माणूस येणार आहे म्हणे. बघू दे. बघितल्यानं होडी झिजत नाही.

पण स्विच बसला की तू एकदा ये. तुझी कुंडीतली रोपं जगली आहेत. एक सोडून.

तुझाच


ता. ८, रविवार

अगं,

उत्तर नाही. लाँचवाला आला की मी धक्क्यावर, आणि तो लांबूनच मान हलवतो. आता तर मला बघून तो दुसरीकडेच बघायला लागलाय.

गुडघा? खोकला? दात? निदान दाताचं तरी कळवायचं.

इथे काम झालं. चैन पडत नाही म्हणून कामाला बसतो आणि काम झालं की पुन्हा चैन पडत नाही. काल दिवसभरात घरातून होडीवर आणि होडीवरून घरात इतक्यांदा गेलो की भोंगा ओट्यावरून ओरडला, “अरे, एकदा ठरव कुठे राहतोस ते!”

कसं केलं ते सांगतो. तुला कंटाळा येईल, तरी सांगतो. दोन्ही बॅटऱ्या मागच्या फळीखाली, माझ्या बैठकीशेजारी, लाकडाच्या खोक्यात पट्ट्यानं आवळून ठेवल्या. दोघींच्या मायनसच्या तारा एकत्र बांधून इंजिनाला दिल्या. त्यांच्यात भांडण नाही, मायनस सगळ्यांचा एकच. प्लस मात्र वेगळे. एकीचा प्लस स्विचच्या एक नंबरला, दुसरीचा दोन नंबरला, आणि मधल्या बोल्टवरून जी जाड तार निघते ती इंजिनाला आणि दिव्या-रेडिओला. प्रत्येक प्लसला बॅटरीपाशीच फ्यूज. तारेच्या टोकाला तांब्याची थिंबलं दाबून बसवली, म्हणजे भोकाच्या टोप्या, आणि वर रबरी नळी चढवून ती गरम करून आवळली. खाऱ्या हवेत उघडं तांबं महिन्याभरात हिरवं होतं. थिंबलं दाबायला जोर लागतो, भोंग्याला हाताशी घेतलं. तो दाबतो कमी आणि बोलतो जास्त, पण दाबतो.

एक गंमत झाली. प्लसचा नट आवळताना पाना इंजिनाच्या पत्र्याला टेकला आणि अशी ठिणगी उडाली की पाना जागीच चिकटला. सदऱ्याची बाही जळली, तू गेल्या वर्षी कॉलर उलटून शिवलेला तो निळा. हाताला काही नाही. मायनस सगळ्यात शेवटी जोडायचा, हे मला झोपेतही ठाऊक आहे. तो जोडलेला नसता तर ठिणगी उडालीच नसती. पण तो जोडलेला होता. मीच जोडला असणार, दुसरं कोण होतं? भोंगा उसनं मीठ परत आणायला त्याच्या घरी गेला होता. कधी जोडला ते काही आठवत नाही. असो. चुकतो माणूस.

मग सगळं नीट तपासून मूठ ‘दोन’वर नेली, रेडिओ लावला. तुझ्या आवडीची ती दुपारची बाई बोलत होती, तीच, जी प्रत्येक श्रोत्याला ‘लाडक्या’ म्हणते. दोन तास तिला बोलू दिलं. मग मूठ ‘एक’वर, सेल्फ मारला, इंजिन एका दमात चालू! मी टाळी वाजवली. एकट्यानं टाळी वाजवली की किती मूर्खासारखं वाटतं ते त्याच वेळी कळलं.

तर भीतीचं कारण मिटलं. आता तू कधी येतेस?

तुझाच


ता. १२, गुरुवार

अगं,

तुझं पाकीट मिळालं. आत गोळ्यांची पट्टी आणि चिठ्ठी. चिठ्ठी मी चार-चारदा वाचली, म्हणजे फार वेळ लागला असं नाही. “गोळ्या जेवणानंतर. बॅटरीचं पुराण पुरे. त्या संध्याकाळी काय झालं ते लिहा.” खाली सही नाही, ख्यालीखुशाली नाही. जावईबापूंचा खोकला कसा आहे ते शेवटी मला लेकीला फोन करून विचारावं लागलं. बरा आहे म्हणाली. दात पडला, आणि नातीनं तो गिळला. हसू आलं, पण तू ज्या अर्थी चिठ्ठीत हे लिहिलं नाहीस त्या अर्थी तू अजून हसायला तयार नाहीस.

लिहितो. पण आधी परवा काय झालं ते ऐक, कारण त्यात तुझाही हात आहे.

आपल्या होडीच्या तळात तो छोटा पंप आहे ना, पाणी साठलं की आपलं आपण उपसून बाहेर टाकणारा? सगळ्या तारा नव्या स्विचवर नीटनेटक्या बसवण्याच्या नादात मी पंपाची तारही स्विचमागेच जोडली. दिसायला झकास. सगळ्या तारा एका ओळीत, शाळेतल्या मुलांसारख्या. संध्याकाळी होडी बांधून घरी निघालो आणि अर्ध्या वाटेवर तुझा आवाज आला. खरंच आला. “बटणं बंद केली का?”

ज्या बाईनं मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात न्हाणीघरातला दिवा बंद करायला परत पाठवलं, मुक्कामाच्या लॉजमधले दिवेसुद्धा निघताना स्वतः तपासले, त्या बाईचा आवाज. जन्मभर तू माझ्यामागून एकेक बटण बंद करत आलीस आणि मी पुढे पुढे दिवे सोडत गेलो. म्हटलं, आज तरी शिस्त पाळू. परत फिरलो, मूठ ‘बंद’वर नेली आणि समाधानानं झोपलो.

रात्रभर पाऊस. सकाळी भोंग्याची आरोळी, “अरे ऊठ, तुझी बायको नाही म्हणून होडी जीव देतेय!”

मागची बाजू गुडघाभर खाली गेली होती. फळीवर पाणी, पाण्यावर माझा डबा तरंगतोय. पंप बिचारा तळात जागा होता, पण त्याला करंटच नाही. मीच तोडलेला. आम्ही दोघं म्हातारे बादल्यांनी उपसत बसलो. बॅटऱ्या वाचल्या, खोकं उंच केलं होतं म्हणून. पाण्याची रेघ खोक्याच्या कडेपासून दोन बोटं खाली थांबली होती.

उपसता उपसता भोंगा म्हणतो, “वहिनी होत्या तेव्हा त्यांचं कधी ऐकलं नाहीस. गेल्या तर ऐकून होडी बुडवतोस.”

मी म्हटलं, “गेल्या म्हणू नकोस. लेकीकडे आहेत.”

“तेच ते.”

“तेच ते नाही,” मी म्हटलं, आणि बादली जरा जोरातच आपटली.  भोंगा गप्प झालेला मी पहिल्यांदा बघितला.

आता पंपाची तार स्विचच्या आधीच, थेट बॅटरीवरून काढली आहे, तिला वेगळा फ्यूज. मूठ कुठेही असो, पंप चालणार. होडीला तारणाऱ्या वस्तूला कुणाच्या मुठीची परवानगी लागू नये. हे दुकानातल्या बाईनं मला आधीच सांगितलं होतं. मी मान हलवली होती आणि ऐकलं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. त्या संध्याकाळची. लिहायला बसलो आणि कंदिलाची काच पुसावी असं वाटलं. ती पुसली. मग रोपांना पाणी घातलं. पाऊस पडलेला असताना. आता लाँचवाल्याची वेळ झाली, हे असंच पाठवतो. गोळी जेवणानंतर घेतली.

तुझाच


ता. १५, रविवार

अगं,

आज आधी तेच लिहितो, बाकी सगळं मागून.

बॅटरी संपली होती हे खोटं नाही. पण तू घाबरलीस ती बॅटरीला नाही. सेल्फ लागला नाही म्हणून मी हँडल मारायला वाकलो. दोनदा मारलं. तिसऱ्यांदा उठून उभा राहायला गेलो आणि पाणी, आभाळ, तू, सगळं एका बाजूला कललं. मी फळीवर बसलो असं मी लेकीला सांगितलं. बसलो नव्हतो. पडलो होतो. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. तुझा चेहरा माझ्यावर वाकलेला. “अहो! अहो, काय करू? सांगा ना, काय करू?” रेतीची बार्ज आपल्याच दिशेनं येत होती, तिची धडधड मला पाठीखालच्या लाकडातून जाणवत होती. तोंड उघडत नव्हतं. मी हात हलवला, आणि त्या हातानं काय सांगितलं तेही मला आठवतं. “बस. तू बस.”

कारण तेच माझ्या हाताला येत होतं. होडीत तुला दुसरं काही म्हटलेलंच नव्हतं.

तू बसली नाहीस. होडीचा भोंगा वाजेना, दिवा पेटेना, तर पाणी उपसायचं पातेलं उचलून होडीच्या कडेवर बडवत सुटलीस. मला वाटलं, कुठेतरी कुणी मोठ्ठं घड्याळ बडवतंय. बार्ज वळली. तिची लाट आपल्यावर आली आणि त्या पाण्यानं मी शुद्धीवर आलो. आपल्याला ओढत न्यायला दोरी बार्जवाल्यांनी टाकली, पण झेलून बांधली तू. उलटीसुलटी गाठ होती, सोडवायला मला दुसऱ्या दिवशी अर्धी सकाळ लागली. पण सुटली नाही ती गाठ वाटेत.

पलीकडच्या धक्क्यावर तू उतरलीस, ओल्या चपला हातात घेतल्यास. मला वाटलं, आता रडशील किंवा ओरडशील. तू म्हणालीस, “तुमच्या होडीत मी सामान आहे.” आणि लेकीच्या घराकडे चालू लागलीस. मागे वळली नाहीस.

मी तेव्हा चिडलो होतो. म्हटलं, मी हिला कधी ओझं म्हटलं? मनातल्या मनात तुझ्याशी सात-आठ दिवस भांडलो. सगळी भांडणं मीच जिंकली.

डॉक्टर काय म्हणाले तेही लिहितो, लेकीला मी निम्मंच सांगितलंय. उठताना रक्तदाब एकदम खाली जातो. गोळ्यांनी बरं वाटेल, पण पुन्हा होणारच नाही असं ते म्हणत नाहीत. म्हणाले, “एकटे पाण्यात जाऊ नका.” त्या ठिणगीच्या दिवशीही मधला थोडा वेळ माझ्याकडून हरवलाय. मायनस मीच जोडला आणि मला माहीत नाही.

हे भोंग्याला सांगितलेलं नाही. त्याला सांगायचं म्हणजे अख्ख्या बेटाला सांगायचं.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. उलट सकाळपासून एका जागी टिकत नाही. उद्या तो होडी बघणारा माणूस येतोय.

सगळ्यांना माझं विचारणं सांग. नातीला म्हणावं, दात पोटात उगवत नाही, घाबरू नकोस.

तुझाच


ता. १९, गुरुवार

अगं,

तुझा गुडघा, लेकीची पाठ, सगळं लेकीकडून फोनवर विचारून घेतलं. तू परवापासून जिना न थांबता चढतेस म्हणाली. शाब्बास. जावईबापूंनी तळमजल्याच्या खोलीला रंग कुठला लावायचा तेही ठरवलंय म्हणे. त्यांना म्हणावं, जरा दम धरा.

होडी बघायला तो माणूस आला, बरोबर त्याची बायको. माणूस चांगला आहे. त्यानं होडीला हात लावला तो पाठीवर ठेवल्यासारखा, तेव्हाच मला कळलं की हा घेणार. इंजिन बघितलं, बॅटऱ्या बघितल्या. स्विच बघून म्हणाला, “काका, काम एकदम व्यवस्थित.” माझी छाती फुगली, नाही कशाला म्हणू.

तो माझ्या बैठकीवर बसला. त्याची बायको तुझ्या फळीवर, पुढे, तुझ्यासारखीच मांडीवर पिशवी धरून. मी त्याला मूठ कशी फिरवायची ते दाखवत होतो. ती बघत होती. मग पिशवी खाली ठेवून तिनं हात लांब केला. आणखी लांब केला. म्हणाली, “हा माझ्या हाताला नाही येत.”

तो हसला. “तुला कशाला लागतोय? तू आपली आरामात बस.”

तिनं हात मागे घेतला, पिशवी उचलली आणि पाण्याकडे बघत राहिली.  तिचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. तो मी ओळखतो. तुझ्या तसल्याच चेहऱ्यासमोर बसून मी गळ टाकत आलोय, आणि मला वाटायचं, हिला पाणी बघायला आवडतं.

माणूस म्हणाला, “मग काय ठरलं काका?”

मी म्हटलं, “काम अर्धवट आहे.”

“अहो, आत्ता तर सगळं चालवून दाखवलंत.”

“चालतंय,” मी म्हटलं. “पण बसलंय चुकीच्या जागी.”

तो बुचकळ्यात पडला. विचार करून कळवतो म्हणालो. जाताना त्याची बायको मला म्हणाली, “येते काका,” आणि का कोण जाणे, हसली.

ते गेल्याबरोबर स्विच उपटला. रागानं नाही, चारी स्क्रू काढून, मायनस सगळ्यात आधी सोडून. या वेळी लक्षात होतं, आणि शेजारी भोंगा बसवून ठेवला होता. त्याला सगळं सांगितलं. ऐकून तो हळू आवाजात म्हणाला, “मग एकट्यानं पाण्यात जात नको जाऊस.” हळू म्हणजे त्याच्या मानानं. झाडावरचे पक्षी उडाले नाहीत, इतकं हळू.

दुकानातल्या बाईकडून आधीपेक्षा जाड तार आणली. तार लांबली की करंट वाटेत दमतो, सेल्फला पुरत नाही, म्हणून लांब तर जाडही हवी. बाई म्हणाली, “काका, एवढी लांब कशाला?” म्हटलं, “स्विच घरच्या माणसाच्या हाताशी न्यायचाय.”

आता नीट वाच, आणि हे लेकीला दाखवलंस तरी चालेल. नांगर टाकून इंजिन बंद केलं की मूठ ‘दोन’वर. निघताना ‘एक’वर, मग चावी. ‘एक’वर नुसतं ‘टक्’ झालं तर घाबरायचं नाही, ‘दोन्ही’वर नेऊन पुन्हा चावी. इंजिन चालू असताना मूठ ‘बंद’वर कधीही, कधीही न्यायची नाही, डायनमो जळतो. तुझी बटणं बंद करायची खोड इथे इंजिन थांबेपर्यंत आवर. घरी निघताना खुशाल ‘बंद’ कर, पंप तरीही जागा राहील. इंजिनाची चावी आणि होडीच्या भोंग्याचं बटणही मी स्विचशेजारी आणतोय, म्हणजे पातेलं बडवायला नको. पातेल्याला पोचा पडलाय, तो मी काढलेला नाही.

आणि सुकाणू. ते तुला एका दिवसात येणार नाही. मला आलं नव्हतं, माझ्या मामानं मला तीनदा पाण्यात ढकललं होतं. मी ढकलणार नाही. आधी आतल्या शांत पाण्यात, काठाकाठानं, भोंगा त्याच्या होडीतून बाजूला राहील. तो ओरडेल, तू त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. शिकताना तू माझ्या बैठकीवर, आणि मी तुझ्या पुढच्या फळीवर बसेन, मांडीवर पिशवी घेऊन. आता सामान मी. बोलणारं सामान आहे, एवढं सोसून घे.

तुला हे नको असेल तर तसं लिही. या वयात कोण होडी शिकतं, मला बसायला पक्की जमीन हवी, असं म्हणालीस तर तेही खरंच आहे. मग खोली धर, रंग जावईबापूंच्या मनाचा लाव, आणि त्या माणसाला मी होडी देईन. पण स्विच त्याच्या बायकोच्या हाताशी बसवल्याशिवाय देणार नाही. मी तिकडे येईन. कुरकुर करीन, पण येईन. ही धमकी नाही, लाचही नाही. फक्त तू तिथे आणि मी इथे, हे मला जमत नाही. परवा मीठ मागायला भोंगा आला तर मी त्याला चहाला थांबवला. म्हणजे माझी दशा कुठवर गेली बघ.

एक अडलंय. फळीत भोक अजून पाडलेलं नाही. ड्रिल हातात घेऊन तुझ्या जागेवर बसलो, हात लांब केला, आणि लक्षात आलं की हा माझा हात आहे. तुझा किती लांब जातो ते मला ठाऊक नाही. एवढी वर्षं भाजीची पिशवी त्या हातातून घेतली, आणि ठाऊक नाही. तू उजवीकडे बसशील की डावीकडे, तेही विचारायला हवं. डावीकडे बसलीस तर गुडघा लांब करता येईल, पण तुझं तू ठरव. लाकडातलं भोक परत बुजत नाही.

तेव्हा एक कर. लेकीला सुतळीचा तुकडा घ्यायला सांग. खुर्चीत बस, सैल, ताणून नको, आणि खांद्यापासून हाताच्या मुठीपर्यंत मापून सुतळी तिथे काप. पाकिटात घाल, कुठली बाजू ते चिठ्ठीवर लिही. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल. तारेचं वेटोळं तुझ्या फळीवर ठेवलंय, टोकं रबरी नळीनं झाकली आहेत. पावसाचे दिवस आहेत, फार दिवस तसं ठेवता येणार नाही, म्हणून उत्तर लवकर पाठव. सकाळच्या लाँचला मी धक्क्यावर आहेच.

तुझाच